आवळा न देता कोहळा

गेल्या शुक्रवारी संध्याकाळच्या कॉलवर क्लायंटकडच्या एका भिडूने लॅपटॉप उचलून आम्हाला त्याच्या दारातला भोपळा दाखवला. डोळे कोरलेले, दात कोरलेले, आत दिवा. ३१ ऑक्टोबरचा हॅलोविन. सगळे 'वॉव', 'ऑसम' वगैरे म्हणाले. मीही म्हणालो (पगार तिकडूनच येतो). मग त्याने थोडी माहितीही दिली. आयर्लंडमध्ये पूर्वी असली तोंडं सलगमात कोरायचे. तिकडची माणसं अमेरिकेत गेल्यावर त्यांना सलगमापेक्षा मोठा आणि कोरायला सोपा भोपळा मिळाला, आणि तोच पुढे रूढ झाला.

मी विचारलं, "मग नंतर या भोपळ्याचं काय करता?"

"ट्रॅश," तो म्हणाला.

रात्री आजीला फोनवर ही गंमत सांगितली. ती हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "आतल्या बिया काढल्या का त्यांनं?"

"विचारलं नाही गं."

"मंग इचारलं काय?"

आता हा प्रश्न मला का झोंबला ते सांगतो. त्यासाठी मागच्या वर्षीच्या दिवाळीपासून सुरुवात करावी लागेल. चहा घेऊन बसा, थोडं लांबणार आहे.

माझं आजोळ चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यात. गोंदियाहून बल्लारशाहला जाणारी रेल्वे लाइन आहे ना, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल अशी स्टेशनं घेत जाणारी, तिच्या आसपासचा हा मुलूख. धानाच्या बांध्या आणि बांध्यांच्या मागे लगेच जंगल. आमच्याकडे पुण्यातल्या लाल भोपळ्याला कोहळं म्हणतात. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी पुण्यातल्या भाजीवाल्या मावशींकडे मोठ्या ऐटीत कोहळा मागितला, तर त्यांनी अंगाला राख फासल्यासारखा पांढरा, पेठ्याचा कोहळा हातात ठेवला. मला वाटलं, पुण्यात कोहळंसुद्धा गोरं असतं. घरी आणून भाजी केली. ती भाजी मी आणि रूममेटने कशी संपवली त्यावर वेगळा लेख होईल. असो.

खरं तर चूक मावशींची नाही. जुना, आपल्याकडचा कोहळा तो पांढराच, संस्कृतातला कूष्मांड. लाल भोपळा मूळचा अमेरिका खंडातला. पोर्तुगीज आले त्या काळात, म्हणजे सोळाव्या शतकापासून पुढे तो इकडे आला आणि आमच्या भागात त्याने थेट जुन्या कोहळ्याचं नावच घेऊन टाकलं. म्हणजे माझी आजी आणि तो क्लायंट, दोघांच्या दारातलं फळ एकाच खानदानातलं. आजी तर त्याला कोहळंही म्हणत नाही. झाडीबोलीत 'ळ' नाही, त्याचा 'र' होतो. ती म्हणते कोहरं.

आजीचं कोहळं येतं सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या आवारात. मृग लागला की ती बिया टोचते. वेल कुंपणावर चढतो, तिथून न्हाणीवर, तिथून कवेलूंवर. दसऱ्यापर्यंत छपरावर चार-पाच कोहळी बसलेली दिसतात. पूर्वी आजी धानाच्या बांधीतही जायची. आता मामा जाऊ देत नाही. आमच्या भागात वाघ ही काही सफारीतली गोष्ट नाही. धान उंच झालं की त्यात वाघ बसलेला दिसत नाही. दर वर्षी आसपासच्या कुठल्या ना कुठल्या गावातून वाईट बातमी येते. म्हणून माणसं शेतात घोळक्याने जातात, अंधाराच्या आत परततात. आजीला घोळक्याच्या चालीने चालवत नाही. त्यामुळे तिचं सगळं शेत आता सांदवाडीएवढं झालंय. लहानपणी ती मला भोपळ्यात बसून लेकीकडून परत येणाऱ्या म्हातारीची गोष्ट सांगायची. वाटेत वाघ भेटतो आणि म्हातारी त्याला चकवते. तेव्हा त्या गोष्टीत मला मजा वाटायची ती भोपळ्याची. तिला वाघ खराखुरा माहीत होता हे माझ्या फार उशिरा डोक्यात आलं.

तर मागच्या दिवाळीला मी पुण्याला निघालो तेव्हा आजीने छपरावरचं सगळ्यात मोठं कोहळं मला दिलं. सहा-सात किलोचं असेल. सोबत सूचना दिल्या. देठाला धरून उचलायचं नाही. देठ तुटू द्यायचा नाही. देठ शाबूत असलं तर कोहळं चार-सहा महिने टिकते. कापशील तेव्हा चार घरी वाट. बिया धुऊन सावलीत वाळव, मले आनून दे.

मी काय केलं? बॅगेची चेन लागत नव्हती म्हणून प्लॅटफॉर्मवर देठ मोडून टाकला.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. पुण्यात आल्यावर कोहळं किचनमध्ये सिलिंडरच्या शेजारी ठेवलं. या रविवारी करू, पुढच्या रविवारी करू. एकट्या माणसाने सात किलो कोहळं कापायचं तरी कसं? मग रिलीज आली, मग सहा आठवडे ऑनसाइट. रूममेटने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, त्याला वाटलं शोभेचं आहे. फेब्रुवारीत परत आलो तर देठाच्या जागी काळा खड्डा, आणि फरशीवर चिकट पाण्याचा ओघळ. दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालून, नाक दाबून, खाली सोसायटीच्या खतखड्ड्यात टाकून आलो.

त्याच आठवड्यात आजीचा फोन. "कोहरं कापलं का बाबू?"

"हो! मस्त झाली भाजी."

इतक्या सहज खोटं बोललो की माझं मलाच आश्चर्य वाटलं. स्टेटस मीटिंगची सवय, दुसरं काय.

हे इथेच संपलं असतं. पण मे महिन्यात पुन्हा फोन आला. तिच्याकडचं बी गेलं होतं. बिया राखेत घोळवून, फडक्यात बांधून ती पोटली चुलीच्या वर टांगायची. धुरामुळे कीड लागायची नाही. इतकी वर्षं असंच चाललं होतं. पण आता मामीकडे गॅस आहे, आणि ती बिचारी धुरातून सुटली ते फार बरं झालं. फक्त पोटलीचा धूरही बंद झाला हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आजीने पोटली सोडली तर बियांना भोकं. ती म्हणाली, "तुज्याजवर आहेत ना? मिरगाच्या आत धाड."

मी म्हणालो, "धाडतो."

आता इथून पुढे जे केलं ते लिहायला मला खरंच लाज वाटते. दुसऱ्या दिवशी बाजारातून लाल भोपळ्याची फोड आणली, त्यातल्या बिया काढल्या, धुतल्या, पेपरवर वाळवल्या, पाकिटात घातल्या आणि स्पीड पोस्टने पाठवून दिल्या. बी ते बी, कुणाला कळणार आहे?

चार दिवसांनी फोन. "बाबू, ह्या आपल्या नोहेत."

कशावरून, म्हणून मी विचारलंसुद्धा नाही. आपल्या बिया रुंद, काठाला पिवळसर, असं तीच सांगायला लागली. आणि मग मी सगळं सांगून टाकलं. देठ, रिलीज, काळा खड्डा, प्लॅस्टिकच्या पिशव्या, सगळं. पलीकडून बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं रेंज गेली. मग ती म्हणाली, "सडलं त सडलं. पन जेवलो म्हनून काऊन सांगतलंस?"

याला उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

त्या बाजारच्या बिया तिने टोचल्या. बी आहे, फेकायचं कसं, म्हणाली. वेल भरपूर पसरला पण फळं धरली दोनच, लहान, आतून फिकी. बाजारात येणारे भोपळे बरेचदा हायब्रिड वाणाचे असतात. दोन वेगवेगळ्या आईबापांचा संकर पहिल्या पिढीत जोरदार फळतो, पण त्या फळाचं बी लावलं की पुढच्या पिढीत गुण विखुरतात. कोणतं झाड कसं निघेल याचा भरवसा नाही. म्हणजे मी आजीला पाठवली ती एकदाच वापरायची ट्रायल व्हर्जन होती.

याच काळात माझ्या डोक्यात दादाजी खोब्रागडे घोळायला लागले. आमच्या शेजारच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे. थोडीशी शेती. १९८३ साली त्यांना आपल्या धानात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, बी जपलं, दुसऱ्या वर्षी वेगळं पेरलं, पुन्हा निवडलं. त्यातून बारीक दाण्याचा तो तांदूळ आला जो पुढे लांबलांबच्या शेतात गेला. तेव्हा एचएमटीच्या घड्याळांची चलती होती म्हणून नाव पडलं एचएमटी. पुण्यातल्या किराणा दुकानात पाटी बघून मीच तो कितीदा घेतलाय. दादाजी २०१८ साली गेले. लॅब नाही, डिग्री नाही. त्यांनी केलं काय, तर वेगळं बी ओळखलं आणि ते बाजारच्या बियांत मिसळू दिलं नाही. मी इंजिनिअर होऊन नेमकं उलटं केलं.

आणि मग जुलैमध्ये गंमत झाली. एका सकाळी पार्किंगमध्ये गाडी काढताना आमचे माळीकाका म्हणाले, "साहेब, खड्ड्यात भोपळा उगवलाय. उपटू का? सेक्रेटरी म्हणतात कंपाउंड घाण दिसतंय."

मी जाऊन बघितलं. खतखड्ड्याच्या काठावर, नेमक्या मी पिशव्या रिकाम्या केल्या होत्या त्या कोपऱ्यात, हाताच्या पंजाएवढी पानं. मी गाडी तिथेच बंद केली. "काका, हात लावू नका. सेक्रेटरींना मी बघतो."

सेक्रेटरींना ऑरगॅनिक टेरेस गार्डनवरचं प्रेझेंटेशन दाखवून गप्प केलं. (आयुष्यात पहिल्यांदा प्रेझेंटेशनचा उपयोग झाला.) वेल कंपाउंडच्या भिंतीवर चढला. रोज ऑफिसला जाण्याआधी पाच मिनिटं त्याच्याकडे जायची सवय लागली. आणि मग आजीशी रोज बोलायला विषयही मिळाला. आधी आमचे फोन 'जेवलास का', 'जेवलो' इथे संपायचे. आता ती शिकवायला लागली. शेंडे खुडायचे म्हणजे फुटवे येतात, आणि खुडलेल्या कोवळ्या पानांची भाजी. आधी येतात ती लांब देठाची फुलं नर. त्यांतली थोडी मधमाश्यांसाठी ठेवून बाकीची बेसनात बुडवून तळायची. ज्या फुलाच्या बुडाशी लिंबाएवढी गाठ दिसते ते मादी फूल, त्याला हात लावायचा नाही. मधमाश्या दिसत नसतील तर सकाळी सकाळी नर फूल तोडून मादी फुलावर टेकवायचं. हे मी टाय लावून केलंय. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी बाल्कनीतून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा नातू घेऊन खाली आल्या.

माळीकाका मंगळवेढ्याकडचे. ते म्हणाले, "आमच्याकडं भोपळा खायाच्या आधी वाजवायचा." त्यांच्या भागात तो मोठा कडू भोपळा पिकतो आणि मिरजेला जातो, तिथे त्याच्या सतारी आणि तंबोरे होतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली जीआय मानांकनही मिळालंय. मी त्यांना गडचिरोलीतला तुंबा सांगितला. इंजिनिअरिंगला असताना आम्ही मित्र भामरागडकडे गेलो होतो, तिथे एका माडिया आजोबांच्या खांद्याला वाळलेल्या भोपळ्याचा तुंबा लटकत होता. जून झालेलं फळ घ्यायचं, तोंडाशी भोक पाडायचं, आत पाणी भरून गर कुजवायचा, खडे घालून खळखळून बाहेर काढायचा आणि वाळवायचं. त्यातलं पाणी मे महिन्यातही गार लागलं होतं. परीक्षेत भोपळा मिळाला म्हणजे शून्य मिळालं असं आपण म्हणतो. आतून रिकामा झाल्यावरही जो पाणी वाहतो नाहीतर सूर धरतो त्याला शून्य कोणी ठरवलं कोण जाणे.

ऑक्टोबरपर्यंत तीन कोहळी पिकली. या वेळी देठासकट, सुरीने कापून उतरवली.

पहिलं कोजागिरीला गच्चीवर संपलं. मी आयुष्यात पहिल्यांदा कोहळ्याची बोंडं केली, आजी व्हिडिओ कॉलवर. कोहळं किसायचं, गूळ घालून शिजवायचं, पाणी अजिबात घालायचं नाही कारण ते स्वतःच पाणी सोडतं. थंड झालं की वेलची आणि मावेल तेवढी कणीक. मग हाताने एकेक बोंड तेलात सोडायचं. गरम असताना कणीक घातली तर गोळा होतो (झाला). कोल्हापूरचा रूममेट म्हणाला, हे तर घारगे. मी म्हणालो, घारगे थापतात, बोंडं सोडतात, विदर्भाचा अपमान करू नकोस. दुसऱ्या विंगमधल्या मल्याळी कुटुंबाने उरलेल्या फोडी नेल्या आणि दुसऱ्या दिवशी नारळ घातलेली एरिशेरी डब्यातून पाठवली. पाच वर्षं या सोसायटीत राहतोय. त्या रात्री मला अकरा शेजाऱ्यांची नावं कळली. सात किलो कोहळं एकट्याने कसं कापायचं या माझ्या प्रश्नाचं उत्तर आजीने आधीच दिलेलं होतं, मी ऐकलं नव्हतं. ते एकट्यासाठी नसतंच.

दुसरं माळीकाकांना दिलं. तिसरं जुन्या टी-शर्टमध्ये गुंडाळून, रेल्वेत मांडीवर घेऊन दिवाळीला आजोळी नेलं. टीसीने विचारलं, काय आहे? म्हटलं, परतफेड.

आजीने आधी देठ बघितला. मग बोटाने ठोकून आवाज ऐकला. आमच्याकडे कोहळ्याला पहिली सुरी बाईने लावायची नाही अशी रीत आहे. लहानपणी यासाठी मला खेळातून हाका मारून आणत. मी म्हटलं, "आजी, एवढं तू लावलंस, वाढवलंस, कापायला मात्र मी. हे काही बरोबर नाही. तूच लाव."

"तूच लाव," ती म्हणाली. "सडू देल्लास ना? मंग कापही तूच."

कापलं. आत गर्द केशरी. तिने कच्ची फोड तोंडात घातली, बराच वेळ चघळली. मी रिझल्टची वाट बघत उभा.

"पानी जास्त आहे," ती म्हणाली. "सहरातलं आहे ना." मग बिया हातावर घेऊन काठ बघितला, पिवळसर होता. "पन आपलंच आहे."

संध्याकाळी तिने बिया धुऊन सुपात पसरल्या. वाळल्यावर त्यांचे दोन भाग केले. एक तिच्यासाठी. दुसरा राखेत घोळवून फडक्यात बांधला आणि मला दिला. "धूर आता इथंही नाही, तिथंही नाही. दोनीकडं असू दे. एकीकडं कीड लागली त दुसरीकडं राहील." आमच्या कंपनीत याला डिझास्टर रिकव्हरी म्हणतात आणि त्यासाठी वेगळी टीम आहे.

आवळा देऊन कोहळा काढणे अशी म्हण आहे आपल्याकडे. मी इतकी वर्षं आवळासुद्धा न देता कोहळा घेत आलो. यंदा पहिल्यांदा एक परत नेला, तोही पाणी जास्त असलेला.

पोटली सध्या किचनमध्ये, सिलिंडरच्या वरच्या खिळ्याला टांगली आहे. रूममेटला सांगून ठेवलंय की हे शोभेचं नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सोडून बघायची, असा रिमाइंडर लावलाय. या रविवारी बघितली. भोक नाही एकही.

लगेच आजीला फोन केला. या वेळी खरं सांगितलं.